शेवटच्या घरचं पाणी

आठवड्यात तिसऱ्यांदा चिमीला जुलाब झाले, तेव्हा तिच्या आईने आधी खेळणी उकळली, मग चमचे, मग नवऱ्यावर उखडली.

"आता मलाही उकळून काढ," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मात्र पाण्याची चौकशी केली. प्यायचं पाणी ती उकळतच होती. पण चिमी आंघोळीच्या टबातलंही ओंजळीने पिते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिने नळाचं पाणी ग्लासात घेऊन उजेडात धरलं. निर्मळ दिसत होतं. आणि तिला बाबा आठवले. ते जाऊन तीन वर्षं झाली होती.

बाबा पालिकेच्या पाणी खात्यात होते. सुट्टीत ती त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून फेरीला जायची. त्यांच्या खिशात एक काचेची नळी आणि औषधाची बाटली. नळीत पाणी घ्यायचं, चार थेंब टाकायचे, आणि पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं की त्यांचा चेहरा खुलायचा. "क्लोरीन आहे! जंतूंची खैर नाही!"

वाटेतली घरं सोडून ते थेट गल्लीच्या टोकाला जायचे. तिच्या पायांना मुंग्या यायच्या.

"बाबा, पहिल्याच घरी बघा ना!"

"पहिल्या घरी सगळं छानच असतं गं. क्लोरीन वाटेत संपत जातं. शेवटच्या घरी पिवळं झालं, की अख्खी गल्ली निर्धास्त."

टोकाच्या घरांतल्या बायका त्यांना पिवळेकाका म्हणायच्या. तेव्हा तिला त्या नावाची कोण लाज वाटायची.

आता तिचंच घर टोकाचं होतं. चिमीला सासूबाईंकडे सोपवून तिने पालिकेचं विभाग कार्यालय गाठलं.

"तुमच्या गल्लीचं पाणी कालच तपासलंय, ताई. पिवळंधमक!" पाण्याचे नमुने घेणारा कर्मचारी म्हणाला.

"कुठल्या घरचं?"

"कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडचं. तिथे गाडी लावायला बरं पडतं."

"म्हणजे इस्त्रीवाल्याचं पोट ठणठणीत आहे. आता माझ्या घरी चला."

"उद्या बघू."

"बरं. मी बसते उद्यापर्यंत." तिने खुर्ची ओढली.

पलीकडच्या कारकूनबाई हसल्या. "जा बाबा! नाहीतर या इथे चूल मांडतील."

तो आला. चार थेंब टाकले. पाणी तसंच. नळी हलवली, आणखी दोन टाकले. ढिम्म. त्याचा चेहरा उतरला. त्याने तिथूनच साहेबांना फोन लावला.

दुपारी खोदाई सुरू झाली. गटाराला चिकटून गेलेल्या पाइपाला बोटभर चीर सापडली.

"केवढा राडा करून ठेवला हिने!" सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, आणि लगेच कामगारांसाठी चहा टाकायला वळल्या.

दोन दिवसांनी, नवा पाइप जोडून झाल्यावर, तो पुन्हा नळी घेऊन आला. चार थेंब पडले.

"पिवळं झालं गं!" सासूबाईच आधी ओरडल्या.

नमुनेवाल्याला बाबांविषयी काहीतरी सांगावं असं तिला फार वाटलं, पण तोंडातून निघालं भलतंच. "पुढच्या वेळी कधी येणार?"

"सोमवारी. आधी तुमच्याकडेच येतो."

तिने कॅलेंडरवरच्या सोमवाराभोवती गोल केला. आत चिमी वाटी चाटूनपुसून आणखी मागत होती.