सव्वा तासाचं अंतर

मित्रांनो, मी एक जुनी निळी शीतपेटी आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत, बिजागरी कुरकुरते. पण कोणी मला आइस्क्रीमची पेटी म्हटलं की अजूनही राग येतो. मी माणसांची हृदयं एका शहरातून दुसऱ्या शहरात नेली आहेत.

कारखान्यात माझ्या झाकणाला जाड रबर बसवलं आणि मला एका मोठ्या रुग्णालयात धाडलं. तिथे माझा कारभार थोरल्या परिचारिकेकडे होता. सगळे त्यांना ताई म्हणत. बर्फात ठेवलेलं हृदय जेमतेम चार तास तग धरतं, हे ताईंनी मनात कोरून ठेवलं होतं. जिथून बहुतेक हृदयं आणायची, ते शहर सहाशे किलोमीटर दूर. गाडीने दहा तास, विमानाने सव्वा तास.

एका सकाळी त्या शहरात अपघातात गेलेल्या एका सुताराचं हृदय माझ्यात ठेवलं. दाराशी त्याची बायको उभी होती. तिने माझ्या झाकणावर हात टेकवला.

"पोचेल ना हो वेळेत?"

"पोचवणारच," ताई म्हणाल्या.

विमान छोटं होतं. अर्धी वाट सरली आणि निरोप आला, की आमच्या शहरावर दाट धुकं उतरलंय, विमानतळ बंद.

"परत फिरायचं?" वैमानिक बाईंनी विचारलं.

"फिरून काय करू? जवळ कुठे उतरता येईल?"

"अलीकडे एक धावपट्टी आहे. आखूड आहे, पण उतरवते. पट्टा आवळा."

आम्ही दणका देत उतरलो. वैमानिक बाईंनी वरूनच कळवलं होतं, त्यामुळे रुग्णवाहिका तयारच होती. पण शहराच्या वेशीवरच्या पुलावर एक मालट्रक आडवा बंद पडला होता. ताईंनी क्षणभरही वाट पाहिली नाही. मला छातीशी धरलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी गाड्यांमधून धावत सुटल्या.

"बाई, द्या इकडे, मी धरतो," दुधाच्या गाडीचा चालक ओरडला.

"ही मी सोडायची नाही! तू पुलापलीकडे एखादी गाडी थांबव."

तो पुढे पळाला आणि एका टॅक्सीसमोर हात पसरून उभा राहिला.

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ उरलाय?"

"बोलण्यात घालवण्याइतका नाही," ताई धापा टाकत म्हणाल्या.

ते हृदय एका बसचालक बाईंच्या छातीत धडधडू लागलं. ताईंनी सुताराच्या बायकोला फोन केला. कोणाला दिलं ते सांगायची मुभा नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "पोचलं. छान चाललंय." पलीकडून बराच वेळ फक्त रडणं ऐकू आलं, आणि मग, "बरं झालं हो."

पुढे तापमान दाखवणाऱ्या दिव्यांच्या नव्या पेट्या आल्या. मी अडगळीत गेले. कोणीतरी माझ्यात सरबताच्या बाटल्या भरल्या. ताईंनी पाहिलं आणि सगळ्यांची हजेरी घेतली.

मित्रांनो, रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला तर आत कोण आहे, काय आहे हे बघत थांबू नका. बाजूला व्हा. विमान आभाळातून येईल, पण पुढचा रस्ता तुम्हीच मोकळा करायचा असतो.

काल ताईंनी मला नवं रबर बसवलं, धुऊन उन्हात ठेवलं. नवी पेटी एखाद्या दिवशी अडली, तर मला उचला. मी तयार आहे.