सहावं काम

“बुधाजीभाऊ, फोन नितेशले द्या,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. काम झालं, तार ओढली, सगळं हिरवं केलं, असं खांबाखाली उभ्या बुधाजींनी दोनदा सांगून पाहिलं. बाई ऐकतात कुठल्या! शेवटी बार्शीटाकळीच्या त्या खांबाखालून लाइनमन नितेशचा दमलेला आवाज आला, “उतरलो ना मावशी. जमिनीवरच उभा आहो.” तेव्हा कुठे बाईंनी ते काम बंद केलं.

अकोल्यातल्या या वीजठेकेदाराच्या ऑफिसात बाईंनी वीस वर्षं तक्रारींचे फोन घेतले. आता ते एजंट घेतो. एजंट म्हणजे माणूस नव्हे, सॉफ्टवेअर. एका तक्रारीचं तो एक मुख्य काम मांडतो आणि त्याच्या पोटात पाच लहान कामं टाकतो. लाइनमनच्या मोबाइलवरून ती पाचही हिरवी झाली, की बाईंना विचारतो, मुख्य काम बंद करायला तयार आहे का? बाईंनी ‘हो’ दाबलं की उपकेंद्राला निरोप जातो आणि लाइन सुरू होते. नीट पाहून हो म्हणायचं, एवढंच बाईंकडे उरलंय.

वैशाखात हिवरखेडजवळच्या कामाला त्या नीट पाहूनच हो म्हणाल्या होत्या. पाचही हिरवी होती. देवमन खांबावर चढताना, खिशातून पडायला नको म्हणून, मोबाइल खाली जोडीदाराकडे देऊन गेला होता. सगळेच देतात. तार बांधलेली दिसली, आता उतरतोच आहे, म्हणून जोडीदारानं सगळं हिरवं करून टाकलं. देवमन मात्र राहिलेली पक्कड घ्यायला पुन्हा दोन हात वर गेला, आणि तेवढ्यात लाइन सुरू झाली.

चौकशीत बाईंना कोणी बोल लावला नाही. स्क्रीनवर हिरवं होतं, त्यांचा काय दोष? कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे. मंडईत मेथीची हिरवी जुडी हातात घेतली तरी त्या ती परत ठेवून देत. मग त्यांनीच पिच्छा पुरवून सहावं काम घालून घेतलं. वर चढलेल्या माणसाला एजंटनं फोन करून विचारायचं, तुम्ही खाली उतरलात का? तेवढ्यावरही बाईंचा भरवसा नव्हता, त्या स्वतः वेगळा फोन करत.

आज ईशान, अमरावतीच्या मुख्य ऑफिसातून आलेला नवा साहेब, खुर्ची ओढून जवळ बसला. पोरगा वाईट नव्हता. देवमनचं मुख्य काम अजून उघडंच आहे, चौकशी आटोपली, आज ते बंद करून कागद पाठवायचे, असं त्यानं हळू आवाजात सांगितलं. अडलं होतं ते सहाव्यापाशी. चौकशीसाठी पुन्हा उघडलेल्या त्या कामालाही नवा नियम आपोआप लागला होता.

बाईंनी ते काम उघडलं. एजंट रोज दुपारी एक वाजता देवमनच्या नंबरावर फोन करत होता. एक्क्याऐंशी वेळा केला होता. एक्क्याऐंशी वेळा कोणीतरी तो उचललाही होता, आणि दर वेळी उत्तर होतं, नाही.

सॉफ्टवेअरची काहीतरी भानगड असेल, ईशान म्हणाला. बाईंनी तोच नंबर लावला. माणिकबाईनं उचलला, देवमनच्या बायकोनं.

रुख्मिणीबाईंनी रोजच्या फोनची माफी मागितली. मग राहवेना, म्हणून वैशाखातल्या त्या ‘हो’चीही मागितली. ते मीच दाबलं होतं, हे सांगून टाकलं. माणिकबाईला ते ठाऊक होतं. अकोल्याची कोणी बाई आहे, एवढं तिच्या कानावर आलं होतं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, बाईंनीही विचारलं नाही.

“तो फोन बंद नोका करू,” ती म्हणाली. “मले रडू येईन म्हनून घरात यायचं नाव कोनी काढत नाही. ते मशीन रोज इचारते, देवमनजी, तुम्ही खाली उतरलात का? जी म्हनून इचारते.”

“आन तुमी नाही म्हनता?”

“मंग काय म्हनू? उतरले असते त घरी आले असते.”

बाईंनी फोन ठेवला. सहावं हिरवं नसतानाही ईशाननं साहेबाच्या अधिकारात प्रश्न स्क्रीनवर आणला होता, मुख्य काम बंद करायला तयार आहे का? हो म्हणा आणि मोकळ्या व्हा, ईशाननं समजावलं. नाहीतर उद्या अमरावतीहून विचारणा होईल, तुमचंच नाव पुढे येईल, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. तो म्हणत होता ते खरंच होतं.

बाईंनी ‘नाही’ दाबलं. एजंटनं कारण मागितलं. एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी लिहिलं, माणूस अजून वर आहे.

एक वाजला. स्क्रीनवर देवमनचं नाव आलं आणि पुढे, फोन लागत आहे. बाई खांद्यावर पदर घेऊन खुर्चीतून उठल्या आणि तो फोन संपेपर्यंत उभ्या राहिल्या.