शिळं पाणी

"काय टाकी ऱ्हायनी पानीमा?"

गिरधरनानांचा आवाज आला तशी त्यांची सून रंजिता दचकली. हातातला मग माशांच्या पेटीवर कलंडला. नाना चपला काढून दाराआड उभे होते. तीन दिवस पाळत ठेवली तेव्हा कुठे आज ती हाती लागली होती. सापडली की माहेरी धाडायची, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पेटी येऊन बारा दिवस झाले होते. पाच मासे मेले, एक उरला. अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या सुंदरबाई, नानांच्या पत्नी, दुसऱ्या कशाकडे बघतच नव्हत्या. मासा वळला की त्यांचं उजवं बोट तेवढं हलायचं. त्या बोटासाठी नाना काहीही करायला तयार होते. आणि पेटी आली त्याच दिवशी रंजिता म्हणाली होती, "घरमा कामं कमी शेतस का?" तेव्हाच नानांच्या मनात पाल चुकचुकली. पुढे मासे मरू लागले, न्हाणीघरात कोपऱ्यात लपवलेली बादली दिसली, आणि मासे हीच मारते असं त्यांनी धरलं. मग काय, सून गप्प असली तरी संशय, बोलली तर जास्तच संशय.

"कालदिननं पानी शे, नाना."

"शियं? मन्हा मासास्ले शियं पानी?"

शहाद्यात नळ आला की कालचं पाणी शिळं म्हणून ओतून देतात, आणि नाना तर पाणीपुरवठ्यातले. एकतीस वर्षं गावाच्या टाकीत त्यांनी ब्लीचिंग पावडर कालवली. पावडरीचा वास आला म्हणजे पाणी चोख, हा त्यांचा हिशेब. नळ आला की ते पेटी रिकामी करत, तळातले दगड खसाखसा घासत आणि ताजं पाणी भरत. मासे विकणारा भावेश काही सांगू लागला, तर "माले पानी शिकाडस का?" म्हणून त्यांनी त्याला उडवून लावलं होतं.

"भावेशभाऊनं मी ऐकं व्हतं," रंजिता म्हणाली. "पावडर मासास्ले सोसत नई. पानी एक दिन उघडं ठेवं का ती उडी जास. तुम्ही पानी बदलं का दुसरा दिन मासा मरना, दर खेपले. म्हनीसन तुम्ही भरेल पानी काढस नि हाई टाकस. हाऊ एक त्यामुळेच वाचना."

"मंग सांगं का नई?"

"तुम्हले? पानीनं?"

नाना खाटेच्या कडेला बसले. पाच माशांपेक्षा या दोन शब्दांची त्यांना जास्त लाज वाटली.

पुढच्या वेळी नळ आला, तेव्हा त्यांनी स्वतः बादली भरली आणि अंगणात उघडी ठेवली. शेजारच्या तापीबाई हसल्या, "नाना, शियं करी ऱ्हायनात का?" नानांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते वाकले आणि पाण्याचा वास घेतला. काहीच आला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्याचं बरं वाटलं.

बादली त्यांनी आत नेली. सुंदरबाईंचं बोट चादरीवर वाट बघत होतं. नानांनी पाण्याचा मग रंजितापुढे धरला.

"तूच टाक. मन्हा हातले आजून वास येस."