परशाच्या अक्षरांना पोट होतं

रसिका माझी सख्खी पुतणी. मुंबईत अक्षरकला शिकून आली आणि म्हणाली, जुन्या पाट्यांवरून कॉम्प्युटरसाठी एक गमतीदार, जुन्या वळणाचा फॉन्ट करणार. मी चाळीस वर्षं मालवणजवळच्या कट्टा गावातला पेंटर. दुकानं, शाळा, होड्यांची नावं, सगळं रंगवलंय. वाटलं, आता भिकाजी पेंटरचं नाव होणार. नवा शर्ट घालून बसलो.

तिने फोटो काढले ते परशुरामच्या पाट्यांचे.

परशुराम म्हणजे माझ्या समोरच्या गाळ्यातला पेंटर. पट्टी न लावता रंगवायचा. त्याच्या 'प'ला पोट, काना वाकडा, 'ळ' डुलणारा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. मी जळलो, खोटं कशाला बोलू?

"माझ्या अक्षरांका काय झालां?" मी विचारलं.

"काकानु, तुमची अक्षरां ताठ उभी ऱ्हवतत. त्यांची हसतत."

फॉन्टचं नाव ठेवलं 'परशा'. सगळ्यांना फुकट वाटला. वर बजावायची, "मोठ्या पाटयेर दोन-तीनच शब्द लिवा. सोडा, खानावळ, होडी. बारीक मजकुराक नको, नि दुःखाच्या जाग्यार तर नकोच." वर्षभरात मालवणपर्यंत जिथे बघावं तिथे परशा. माझी जुनी गिऱ्हाइकंसुद्धा तसंच काढून मागू लागली. तळपायाची आग मस्तकात जायची. परशुराम मात्र मला बोलावून चहा पाजायचा, त्याने आणखीच जळायचो.

गेल्या महिन्यात परशुराम गेला. बॅनर छापणाऱ्या धनेशला वाटलं, परशुरामकाकाचा बॅनर दुसऱ्या अक्षरात कसा काढायचा? एसटी स्टॉपवर त्याच्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' परशामध्ये लागलं. पोट सुटलेली ती अक्षरं नाचत होती. बाजाराला आलेले लोक हात जोडता जोडता हसू दाबत होते. त्याची बायको आनंदीबाई पदर तोंडाला लावून उभी होती. बाजूला रसिका, मान खाली घालून.

आधी मला बरं वाटलं, हेही खरं. मग आनंदीबाईकडे बघवेना.

धनेशला बॅनर उतरवायला लावला. काळा रंग दिलेली फळी गाळ्यात तयार असतेच, ती आणली आणि तिथेच पांढऱ्या रंगाने लिहायला बसलो. पट्टी लावून, माझी ताठ अक्षरं.  मघाशी हसू दाबणाऱ्यांपैकी एक-दोघांनी चपला काढल्या.

शेवटी नाव राहिलं. मी पट्टी बाजूला ठेवली. 'परशुराम' त्याच्याच वळणाने काढलं, पोटासकट, काना तो वाकवायचा तिथेच वाकवून.

रसिका जवळ आली. "काकानु, ह्यां तर माझ्या फॉन्टापेक्षा त्यांचां वाटता. तुमका कसां जमलां?"

"चाळीस वर्सां जळत बघलंय गो."