भाजका कांदा

पुण्याच्या डॉक्टरांनी साळुबाईंना घरी सोडताना त्यांच्या सुनेला, हर्षालीला, बाजूला घेऊन बजावलं होतं. "खुबा नवा बसवलाय, पण तो शरीराला परकाच. पुढं कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, त्या जागी गळू आलं, पू दिसला, तर घरगुती उपाय करायचे नाहीत. तडक इकडे आणायचं." नव्या नवरीनं "हो, हो" करत मान हलवली आणि गावाकडं परतताना आळेफाटा यायच्या आत ती ते विसरूनही गेली.

सहा वर्षं साळुबाई आपल्या पिंपरी पेंढार गावभर मिरवल्या. कंबर धरून बसलेलं कुणीही त्यांची चाल बघायला यायचं. निमगाव सावाची त्यांची मावसबहीण सोनीबाई तर त्यांचं बघूनच खुब्याचं ऑपरेशन करून आली.

यंदा पावसाळ्यात घरात वास सुटला. गोडसर, कुजका, घशात बसणारा. बराखीत साठवलेला कांदा सडला म्हणून हर्षालीनं नाकाला पदर बांधून सगळा निवडून काढला. बुळबुळीत झालेले हात तीनदा धुतल्याशिवाय तिनं लहानग्या लेकीला, संस्कृतीला, उचललं नाही. तरी वास जाईना. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या की तिकडं, ओटीवर बसल्या की ओटीवर. आजीच्या मांडीवर खेळून आलेल्या संस्कृतीच्या फ्रॉकलाही तोच.

शेवटी गोधडी उन्हात टाकताना डाग दिसला, पिवळा-हिरवट. त्यात काळी पडलेली कांद्याची पाकळी चिकटलेली. गोधडी तशीच टाकून हर्षाली सासूबाईंकडं गेली.

"आई, मांडी दाखवा."

"गळू झालं व्हतं गं. भाजका कांदा हळद लावून बांधला. फुटलं, आन् लई हलकं वाटतंय बघ."

"कधी फुटलं?"

"आखाडात."

आता तर गणपती येऊन गेले होते. चिंधी सुटली. टाक्यांच्या जुन्या व्रणाशी एक भोक, आणि त्यातून सावकाश ओघळणारा पू. माशी येऊन त्यावरच बसली.

तेवढ्यात शेजारची धोंडाबाई ताटलीत ताजा भाजलेला कांदा घेऊन आली. "नाक काय मुरडतीस गं? शिकल्याली ना तू? आमची समदी गळवं ह्यानंच गेली."

"तुमच्या कुणाच्या मांडीत लोखंड नव्हतं, मावशी. उकिरड्यावर टाका तो."

पुण्यात कळलं, पू थेट सांध्यापर्यंत पोचला होता. खुबा काढून आतलं सगळं धुवायचं. पू पुरता थांबला तरच दुसरा बसणार. पहिल्यासारखं चालतील का, यावर डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले.

खाटेवरून साळुबाईंनी सुनेचा हात धरला. "हर्षाली, सोनीच्या मांडीला बी गळू आलंय. तिला बी मीच कांदा सांगितला."

सोनीबाई एकटी राहते, आणि कालपासून फोन उचलत नाही. हर्षालीला दवाखान्यातून हलता येत नाही. म्हणून भेटेल त्याला ती विनवतेय, तुम्हालाही: निमगाव सावाकडं जाणं झालं तर देवळामागचं निळं दार वाजवा. सोबत घरातलं बाईमाणूस न्या. सोनीबाई म्हणेल, "मला काय धाड भरलीय?" ऐकू नका. नाक दाबा हवं तर, पण मांडी बघाच.