बजाबाईच्या घरचा कोरा चहा

साल दोन हजार तेवीस. मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी अडीचच्या सुमारास, कुंभारीत बजाबाईच्या स्वयंपाकघरात लिटरभर दुधाचा चहा फाटला आणि तिची नात आरोही पातेल्यात डोकावून "आज्जी!" म्हणून किंचाळली.

बजाबाईने उठायच्या आधीच ओळखलं.

"गूळ कदी घातलास?"

"दुधाबरोबरच."

"उकळत्या दुदात गूळ? अगं, चिंचोळीच्या कंपनीत तपासणीला बसतीस न्हवं तू? हेच तपासतीस का तितं?"

आरोहीने पातेलं हलवून पाहिलं. तळाशी चोथा आणि वर पिवळं पाणी.

त्या घरात माणसं चार आणि चहाही चार होते. बजाबाईचा गुळाचा, आलं ठेचून घातलेला. त्यात दूध अगदी शेवटी, पातेलं खाली उतरवल्यावर, वेगळं तापवून. तिचा मुलगा युवराज याचा इतका कडक, की कपाला डाग पडायचा आणि तो घासताना त्याची बायको वच्छला रोज त्याच्या नावाने बोटं मोडायची. वच्छलाचा स्वतःचा म्हणजे निम्म्याहून जास्त दूध आणि वर सायीचा तुकडा. आणि आरोहीचा कोरा. गवती चहाची पात, चार थेंब लिंबू, दूध नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये लागलेली सवय. तो चहा बजाबाई तिला घरात पिऊ देत नसे. "परसात जाऊन पी तुझं ते पाणी," म्हणायची. का, ते मात्र तिने कधी सांगितलं नव्हतं. तसलं कारण तिला तोंडी आणवत नसे.

आज चहा करायचा होता पाहुण्यांसाठी. पाहुणे म्हणजे त्याच कंपनीतला इंद्रजीत आणि त्याचे आजी-आजोबा. उजनीच्या काठचं गाव त्यांचं. इंद्रजीत आणि आरोही यांचं एकमेकांशी ठरलेलंच होतं. त्याच्या आई-वडलांचा होकारही आला होता, ते केळीच्या तोडीत अडकले म्हणून आले नव्हते. गाडं अडलं होतं ते आजीपाशी. इंद्रजीतची आजी म्हणजे म्हाळसाबाई निघाली, हे कळल्यावर बजाबाई दोन दिवस जेवली नव्हती.

म्हाळसा आणि बजा सांगोल्याकडच्या एकाच वाडीतल्या. एका झाडाला झोका बांधून वाढलेल्या. बजाच्या डाव्या पायाची करंगळी जात्याच्या तळीखाली चेचून गेली, तेव्हा तिला पाठीवर घेऊन घरापर्यंत धावली ती म्हाळसाच. पुढे युवराजच्या बारशाला म्हाळसा आली ती एक दुभती शेळी दोरीला धरून. बाळंतिणीला भेट म्हणून. त्याच शेळीच्या दुधाचा तिने सगळ्या बायकांना चहा केला. बजाने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि भरल्या घरात म्हणाली, "अगं, शेळीनं सोता केला असता तर ह्याच्यापरीस बरा केला असता."

बायका हसून हसून लोळल्या. म्हाळसा हसली नाही. तिने दारातली शेळी सोडली आणि उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "बजे, तू जित्ती हायस तवर तुज्या घरच्या चहाचा घोट माज्या घशाखाली उतरायचा न्हाय." आणि शेळी घेऊन परत गेली. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती.

इंद्रजीतने आधीच फोन करून सांगून ठेवलं होतं. "आजी येतीय, बसंल, बोलंल. पण चहा घेणार न्हाय म्हणतीय."

त्यांच्या लोकांत याचा अर्थ पोरासोरांनाही कळतो. पोरीच्या घरचा चहा घेतला की सोयरीक झाली. कप तसाच ठेवून उठले की मोडली. तोंडाने नाही म्हणावं लागत नाही.

"माजा गुळाचा चहा म्होरं आला की वासानंच इरघळंल ती," असा बजाबाईचा हिशेब होता. पण चहा पोरीच्याच हातचा पाहिजे. म्हणून तिने आरोहीला पातेल्यापाशी उभं केलं, आणि आता पातेल्यात चोथा होता.

डेअरी पाचला उघडायची. बजाबाईने चरवी उचलली.

"कुठं निघालीस, आज्जी?"

"मागल्या आळीच्या बिरदेवाकडं. त्याची शेरडं कवाबी पिळता येत्यात."

"शेळीचं दूध?"

"गप. आलं जास्ती घालू. कुनाच्या बापाला कळत न्हाय." आणि ती परसदाराने अनवाणीच बाहेर पडली.

पाहुणे साडेतीनला यायचे ते तीनलाच आले.

युवराजने त्यांना बाहेरच्या खोलीत खुर्च्या दिल्या. इंद्रजीतचे आजोबा धोंडीराम टोपीने वारा घेत बसले. म्हाळसाबाई बसली ती बरोबर स्वयंपाकघराच्या दारासमोर. दाराला फुलाफुलांचा पडदा होता, जमिनीपासून वीतभर वर राहिलेला. वच्छला आतल्या खोलीत नव्या साडीच्या निऱ्या घालत होती. आरोहीने मागच्या दारातून तीनदा डोकावून पाहिलं. आजीचा पत्ता नव्हता. बाहेर ऊन फुफाट्यासारखं होतं आणि आलेल्या माणसांच्या घशाला कोरड. तिने मग आपल्याला जमत होतं ते केलं. परसातून गवती चहाची पात खुडली, लिंबू चिरलं, काचेच्या कपांत चहा गाळला आणि ट्रे घेऊन बाहेर आली.

धोंडीरामांनी कपाकडे पाहिलं. मग म्हाळसाबाईकडे. मग हळूच टोपी गुडघ्यावर ठेवली.

त्या दोन्ही घरांत सुतकाचे दहा दिवस चुलीवर दूध चढत नाही. भेटायला येईल त्याला कोरा चहा, काही न विचारता. पाहुण्यानेही काही विचारायचं नसतं. प्यायचा, थोडं बसायचं, आणि उठताना "येतो" न म्हणता चालू लागायचं. आरोहीचे आजोबा वारले तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

इंद्रजीतलाही नव्हतं. त्याने कप उचलला आणि आरोहीकडे बघून हसला. कँटीनमध्ये दोघं रोज हाच प्यायचे. आजोबांनी त्याच्या मांडीला असा चिमटा काढला, की त्याचा निम्मा चहा शर्टावर सांडला.

धोंडीरामांनी भिंत न्याहाळली. बजाबाईच्या नवऱ्याचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी एक रिकामा खिळा. त्या खिळ्याकडे बघून त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

"सांगावा तरी धाडायचा की, युवराज," ते म्हणाले. "लई गुणाची बाई हुती."

"कोण?" युवराज म्हणाला. मग त्याने कपात पाहिलं, धोंडीरामांचं उघडं डोकं पाहिलं, आणि पाहुणे कुणाला गेलेलं समजून बसलेत ते त्याला उमगलं. त्याच वेळी वच्छला बाहेर आली. तिने कोरा चहा पाहिला आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"रडू नगा, बाई," धोंडीराम म्हणाले आणि त्यांचेच डोळे भरून आले.

"आवो, तसं न्हाय, आई तर…" युवराज बोलायला गेला आणि थांबला.

पडद्याच्या फटीत एक डोळा होता. फटीतून एक हात बाहेर आला, गप बस म्हणून दोनदा हलला आणि आत गेला. पडद्याखाली दोन धुळीने माखलेले पाय होते, आणि त्यांना बोटं नऊ.

युवराजने खुर्ची सरकवून आड घ्यायचा प्रयत्न केला. म्हाळसाबाईची नजर मात्र कपावरून फरशीवर गेली, फरशीवरून पडद्यापर्यंत गेली, तिथे अंमळ थांबली आणि परत कपात आली.

"मेली म्हना की बजा," ती म्हणाली. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

धोंडीरामांनी मान डोलावली.

"ती जित्ती हाय तवर न्हाय, असं म्हणले हुते मी. आता काय." म्हाळसाबाईने चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि फुर्र करून प्यायली.

आरोहीच्या हातातला ट्रे कलला.

"अगं, सुतकात सोयरीक बोलत न्हाईत," धोंडीराम कुजबुजले.

"बोलायचं काय ऱ्हायलंय? चहा पेले की. पोरगी आमची." तिने दुसरी बशी भरली. "आनि गुणाची कसली हो? जीभ बगितली न्हाय तुमी तिची. कोयत्यागत. भरल्या बारशात मला शेळीवरनं बोलली."

"अगं, गेलेल्या माणसाला…"

"गेली म्हणूनच बोलती. जित्ती असती तर बोलू दिलं असतं का तिनं?" म्हाळसाबाईचा आवाज मोकळा झाला होता. "ल्हानपनी माज्या चिंचा चोरायची. झोक्यावर कदी दुसऱ्याला बसू द्यायची न्हाय. पाय चेचला तवा पाटीवर घिऊन पळले, तर वर मलाच म्हणती, हळू पळ, दुकतंय."

पडद्यामागे चरवी कशाला तरी लागली आणि ठण्ण वाजली.

"मांजर," युवराज म्हणाला.

"व्हय, मांजरच ती," म्हाळसाबाई म्हणाली. तिसरी बशी तिने सावकाश संपवली. "पर एक सांगती. हे पानी काय चहा न्हवं. गुळाचा चहा करावा तर बजानंच. इतक्या वर्सांत शंभर घरचा पेले. तसा न्हाय मिळाला कुटं."

पडद्याआड कोणीतरी नाक ओढलं. या खेपेला मांजर म्हणायचं युवराजला सुचलं नाही.

पाहुणे उठले. सुतकातल्या घरातून उठावं तसे, मुकाट्याने. धोंडीरामांनी टोपी घातली, रिकाम्या खिळ्याला हात जोडले आणि पायऱ्या उतरले. इंद्रजीत मागोमाग गेला. म्हाळसाबाई उंबऱ्यावर थांबली. वळली. पडद्याकडे बघून तिने पदर सारखा केला आणि मोठ्याने म्हणाली, "येते गं."

"अगं, म्हनायचं नसतंय," अंगणातून धोंडीराम कळवळले.

"मला ठावं हाय," म्हाळसाबाई म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

लग्न त्याच वर्षी डिसेंबरात झालं. मांडवात बजाबाईला बघून धोंडीरामांच्या हातातली पानसुपारी खाली पडली, आणि पुढे पुष्कळ दिवस ते ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगत. त्यांना खरं काय ते सांगायचं कोणीच मनावर घेतलं नाही. आता त्यांना कमी ऐकू येतं, पण ती गोष्ट ते अजून सांगतात. इंद्रजीत आणि आरोही कंपनीजवळ खोली घेऊन राहतात. तिने गुळाचा चहा शिकून घेतला, महिन्यातून एकदा तरी अजून फाटतो. युवराजचा कडक चहा डॉक्टरांनी बंद केला. वच्छला त्याला सायीचा देते आणि तो कपाकडे न बघता पितो. बिरदेवाने शेरडं विकून मोटरसायकल घेतली.

म्हाळसाबाई लग्नानंतर दर अमावस्या-पौर्णिमेला एसटीने कुंभारीला येऊ लागली. पायरीवर बसून दोघी गुळाचा चहा प्यायच्या, शेळीच्या दुधाचा, आलं जास्त घालून. त्या दुपारचा विषय दोघींनीही कधी काढला नाही. भांडायला दुसरं पुष्कळ होतं.

गेल्या साली माघात बजाबाई गेली. म्हाळसाबाई तिसऱ्या दिवशी आली. घर माणसांनी भरलं होतं. वच्छलाने तिच्यापुढे कोरा चहा ठेवला. म्हाळसाबाईने कप हाताने बाजूला सारला.

"हितला कोरा चहा मागं एकदा खोटा निगाला हुता," ती म्हणाली.

मग खुर्ची ओढून ती स्वयंपाकघराच्या दारासमोर बसली आणि पडद्याखालच्या वीतभर मोकळ्या जागेकडे बघत राहिली.