न फिरवलेली ताटली

मी एक जुनी ताटली आहे. पांढऱ्या एनॅमलची, निळ्या काठाची. काठाचे टवके उडालेली. मित्रांनो, माझा जन्म फिलिपिन्समधल्या इलोइलो गावच्या कारखान्यात झाला. भट्टीतून निघाले तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं. पर्पेचुआने मला आणि माझ्या जोडिणीला बाजारातून घरी आणलं. तिचा नवरा बोटीवर नोकरीला होता. तो समुद्रावरून परतलाच नाही. मग कडेवरच्या लेकीला, लिगायाला, आणि आम्हां दोघींना घेऊन ती ऑस्ट्रेलियात, लाल मातीच्या एका गावी आली आणि तिथल्या लहानशा इस्पितळात परिचारिका झाली.

तिच्या माणसांत एक रीत आहे. जेवताना कुणाला मध्येच उठून बाहेर जावं लागलं, तर मागे राहिलेल्यांनी आपापलं ताट जागच्या जागी फिरवायचं. म्हणजे गेलेलं माणूस सुखरूप परततं. इस्पितळाचा फोन नेमका जेवतानाच यायचा. पर्पेचुआ हात धुऊन निघे आणि चिमुरडी लिगाया मला गर्रकन फिरवी. आंबट कालवण टेबलभर सांडे.

"फिरवलीस का गं?" दारातून आई विचारी.

"फिरवली. कांगारू आडवा आला तर थांब हं."

"थांबते बाई. आधी त्यालाच जाऊ देते."

फिरून फिरून माझ्या बुडाला गोल चरे पडले. मला त्यांचा अभिमान होता.

लिगाया मोठी झाली. एकदा मैत्रीण जेवायला आली असताना फोन आला आणि लिगायाने सवयीने मला फिरवलं. मैत्रीण म्हणाली, "हे काय, ताटलीने गाडी चालवतेस?" दोघी हसल्या. त्या दिवसापासून माझं फिरणं थांबलं. पर्पेचुआच्या ते लक्षात आलं. निघताना ती दारात क्षणभर रेंगाळायची, एवढंच.

मग एका संध्याकाळी जेवता जेवता तिच्याच छातीत कळ आली. रुग्णवाहिकेची माणसं आली. स्ट्रेचरवरून ती म्हणाली, "भात झाक गं. माश्या बसतील." लिगायाचा हात माझ्या काठावर आला. माणसं बघत होती. ती लाजली, हात मागे घेतला आणि त्यांच्यामागे धावली. मित्रांनो, मला हात असते तर मी स्वतःच फिरले असते.

विमानाने पर्पेचुआला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. ती परतली ती पेटीतून.

घरात नऊ दिवस प्रार्थना चालली. लिगाया जपमाळ ओढी, पण माझं तोंड बघत नसे. तिने मला सिंकखालच्या कपाटात, फिनेलच्या बाटलीमागे ढकललं होतं. नवव्या दिवशी कोरल आली; पर्पेचुआबरोबर काम केलेली म्हातारी परिचारिका. कप विसळता विसळता लिगाया तिला म्हणाली, "मावशी, मी ताटली फिरवली नाही. म्हणून आई गेली."

कोरल हात पुसून तिच्याकडे वळली.

"तुला कुणी सांगितलं नाही होय? आमच्याकडून रोग्याला विमानाने हलवलं ना, की तुझी आई वॉर्डातली सगळी ताटं फिरवत सुटायची. आलं वादळ, म्हणून आम्ही चिडवायचो. त्या संध्याकाळी तिचंच विमान उडालं. आम्ही सगळ्यांनी ताटं फिरवली. खाटेवरच्या डग्लस आजोबांनी तर कस्टर्डची वाटीसुद्धा सोडली नाही." तिने लिगायाच्या हातातला कप काढून घेतला. "एकही ताट राहिलं नाही, पोरी. तरी ती गेलीच."

लिगाया नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिली. मग रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

तिने मला बाहेर काढलं, घासलं, माझ्यात भात वाढून घेतला. कोरल जायला उठली तेव्हा लिगायाने मला हळूच फिरवलं. कोरल दारात थांबली होती. माझं फिरणं पुरं झाल्यावरच ती पायरी उतरली.

मित्रांनो, मी कुणाला परत आणू शकत नाही. ते देवाच्या हाती. पण पानावरून कुणी उठलं, तर हातातला घास खाली ठेवा आणि त्याच्याकडे एकदा बघा. लाजू नका.

माझी जोडीण आता मांडणीवर पालथी असते. तिच्या बुडाला चरे नाहीत. ती नेहमी उठून जाणारीची ताटली होती.